खुर्ची कुठवर आली

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे, आणि मला स्वस्थ बसता येत नाही. इतर खुर्च्या चार पायांवर एका जागी उभ्या राहतात आणि त्यातच खूश असतात. माझ्या पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या आहेत. कुणी नुसती ओढणी टाकली तरी मी हलते. आत्ताही हलते आहे, कारण माझ्यात बसलेली बाई एका पुस्तकाच्या शेवटाजवळ आली आहे. तिचं वाचून संपायच्या आत मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे, तेव्हा मी जरा घाई केली तर रागावू नका.

माझा जन्म उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. भीमराव मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं. पाठ छान जमली, पट्ट्यांचा बाक छान जमला, पण उजव्या हाताचा सांधा जरासा सैल राहिला. झुललं की तिथून कर्र, कुई असा आवाज निघे. दुकानाच्या मालकाने तोंड वाकडं केलं. भीमराव म्हणाले, "शेठ, लाकूड आहे. थोडं बोलणारच." मालकाने माझ्यावर आणखी एकदा पॉलिश चढवलं. मी चमकायला लागले, पण बोलायची थांबले नाही.

मग गुरुदत्तसाहेब आले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर झुलत पेपर वाचायचा, हे त्यांचं जुनं स्वप्न. माझ्या कुरकुरीचं निमित्त करून त्यांनी घासाघीस केली आणि टेम्पोत घालून मला बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घरी आणलं. पहिल्याच दिवशी ते ऐटीत बसले, दोनदा झुलले आणि उठून उभे राहिले. त्यांना चक्कर येत होती.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. माझ्यावर कपडे पडू लागले. इस्त्रीचे, बिनइस्त्रीचे, 'अजून एकदा घालता येईल' असे. मी खुर्ची आहे की कपडे वाळत घालायची दोरी, हे मलाच कळेना. हॉलच्या भिंतीला टेकून मी नुसती उभी होते, आणि बाल्कनीतून वारा आला की माझा जीव तळमळे. झुलायला जन्मलेल्याला कुणी उभं करून ठेवू नये, मित्रांनो. मला तेव्हा फार एकटं वाटायचं.

मला सोडवलं मालिनीबाईंनी. त्या गुरुदत्तसाहेबांच्या पत्नी. बँकेतली नोकरी संपल्यावर त्यांनी एका दुपारी माझ्यावरचा ढीग उचलून पलंगावर टाकला, पुस्तक घेऊन बसल्या आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठल्या नाहीत.

पुस्तक कसलं, तर रहस्यकथा. पण गोड रहस्यकथा. यात खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. शोध लावायला पोलीस नसतात, एखादी लोणचीवाली किंवा संगीताची बाई असते. मधेमधे भजी तळली जातात, मांजर हरवून सापडतं, आणि शेवटी गुन्हेगार मुकाट्याने गुन्हा कबूल करतो. अशा पुस्तकांच्या मालिकाच असतात. एक भाग संपला की दुसरा हवाच. मालिनीबाईंना त्यांचं वेड लागलं.

तसं वेड असलेल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. नाव 'गोड खून'. पुस्तक संपलं की प्रत्येकाने आपलं मत आणि पाचपैकी स्टार सांगायचे, अशी तिथली पद्धत. मालिनीबाई टाइप करत नसत. शेवटचं पान मिटलं की माझ्यातच बसून, झुलता झुलता, आवाजी निरोप पाठवत.

आता त्यांचा स्वभाव असा भिडस्त की त्या सगळ्यांना चार स्टार देत. पुस्तक कितीही रटाळ असो, चार. लेखिका ओळखीची असली तर साडेचार. बिचारीने कष्ट केलेत, असं त्यांना वाटे. पण निरोपात मागे मीही असायचे ना. पुस्तक रंगलेलं असलं की बाई अजून जोरात झुलत असायच्या आणि माझी कर्र-कुई, कर्र-कुई सगळ्या ग्रुपला ऐकू जाई. पुस्तक फसलेलं असलं की मी गप्प.

हे आधी पकडलं हरेशभाईंनी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्यांचं कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की ते गल्ल्यावर बसून खून वाचतात. त्यांनी लिहिलं, "मालिनीताई, तुमचे चार स्टार जाऊ द्या. आज कुर्सी एकदम फास्ट पळत होती. बुक मंगवा लिया मैंने." सगळे हसले. तेव्हापासून ग्रुपवर स्टार कुणी विचारीना. 'खुर्ची काय म्हणते?' असं विचारू लागले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. मालिनीबाईही हसायच्या. त्यांना ते सोयीचंच होतं. त्यांनी गोड बोलायचं आणि खरं मी सांगायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते. मालिनीबाईंची शाळेपासूनची मैत्रीण यशोधरा अंबरनाथला राहते. तिने स्वतःच एक मालिका लिहायला घेतली. तिची नायिका चिमीमावशी. साड्यांना फॉल-पिको करून देणारी, आणि शिवणीवरून माणूस ओळखणारी. प्रत्येक भागात नवा खून, पण सगळ्या भागांमधून एक प्रश्न चालत आलेला: चिमीमावशीचा नवरा दूध आणायला म्हणून गेला तो गेला कुठे? त्याचं उत्तर चौथ्या, शेवटच्या भागात मिळणार होतं. यशोधरा प्रत्येक भाग छापून, स्पायरल बांधून आधी मालिनीबाईंना द्यायची. पहिल्या भागाला मी बऱ्यापैकी कुरकुरले होते. दुसऱ्याला गप्प होते. दोन्हींना बाईंचे साडेचार.

मग तिसरा भाग आला. काय सांगू तुम्हाला. सोसायटीचा खजिनदार गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी मरून पडलेला, आणि त्याच्या खिशात चिमीमावशीच्या नवऱ्याच्या छत्रीची मूठ. बाई वाचत होत्या आणि मी नुसती उधळले होते. गुरुदत्तसाहेब चहाचं विचारून गेले, बाईंनी नुसतं पान उलटलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्यांनीच गॅस बंद केला. शेवटचं पान मिटताच बाईंनी धापा टाकत निरोप पाठवला, "यशू, कमाल केलीस. साडेचार स्टार."

यशोधराही त्याच ग्रुपवर होती. मग हरेशभाईंनी लिहिलं, "ताई, आज कुर्सी बंद है क्या? का झोप लागली?" खाली दोघांनी हसरे चेहरे टाकले. थोड्याच वेळात ग्रुपवर दिसलं, यशोधरा ग्रुप सोडून गेली.

बाईंनी आपलाच निरोप परत ऐकला. त्यात त्यांचा आवाज होता, पंख्याचा होता, माझा नव्हता. त्यांनी मला हाताने झुलवून पाहिलं. मी झुलले, पण तोंडातून शब्द फुटेना.

"अहो, हिला काय झालं?"

गुरुदत्तसाहेब खुशीत आले. "परवाच तेल घातलं. तुझ्या शिलाई मशीनचं. सांध्यात पाचरही ठोकली. माझी दुपारची झोप जायची गं. म्हटलं बघू, तुला कधी कळतंय. तुला कळलंच नाही?"

कळणार कसं? पहिला दिवस बाहेरच्या कामांत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या चिमीमावशीत बुडालेल्या होत्या. बाईंनी लगेच यशोधराला फोन लावला आणि तेलाचं सांगितलं. पलीकडून कोरडा आवाज आला, "नेमकं माझ्याच पुस्तकाच्या वेळी तेल? मालू, असा पुरावा मी लिहिला असता तर तूच हसली असतीस."

"अगं, खरंच..."

"तू मला दर वेळी साडेचार देतेस. तुझ्या तोंडावर माझा भरवसा नाही गं, त्या खुर्चीवर होता. चौथा भाग मी लिहीत नाही. चिमीमावशीचं दुकान बंद झालं असं समज. हस्तलिखित न्यायला उद्या येते."

फोन ठेवल्यावर बाई माझ्यात बसून रडल्या. मैत्रीण दुखावली म्हणून रडल्या, आणि तो नवरा कुठे गेला हे आता कधीच कळणार नाही म्हणूनही. माझी काय अवस्था झाली असेल? खरं काय ते मला ठाऊक होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तेलाने माझा गळा धरला होता. त्या दिवशी घरात कुणाला काही सुचलं नाही. मला जागेवर सरकवणं नाही, लादी पुसणं नाही.

दुसऱ्या दिवशी यशोधरा आली. चहा नको म्हणाली, उभीच राहिली. बाई आतून स्पायरलची वही आणायला गेल्या. तेवढ्यात गुरुदत्तसाहेब ओल्या कपड्यांची बादली घेऊन आले आणि माझ्यापाशी अडले.

"यशोधराताई, जरा ही खुर्ची मागे घ्यायला हात लावता का? तुमच्यामुळेच आली आहे ही बाल्कनीच्या दारात."

"माझ्यामुळे?"

"मग काय! हिची जागा त्या भिंतीशी. मालिनी तुमचं पुस्तक वाचताना इतकी झुलत होती की खुर्ची सरकत सरकत इथवर आली. मी म्हटलं, अगं, उठ, कपडे वाळत घालायचेत. ऐकेल तर ना."

यशोधराने हात लावला नाही. ती भिंतीकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. पांढऱ्या लादीवर तेलाचे बारीक ठिपके होते. भिंतीशी सुरू होऊन, थोड्या थोड्या अंतराने, थेट माझ्या उजव्या हाताखालपर्यंत आलेले. तिने एक ठिपका बोटावर घेऊन हुंगला.

"मशीनचं तेल," ती म्हणाली. "म्हणजे तेल आधी घातलं, खुर्ची नंतर चालली."

मालिनीबाई वही छातीशी धरून दारात उभ्या होत्या. यशोधराने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मालू, दुसऱ्या भागाला खुर्ची कुठवर आली होती?"

बाईंच्या तोंडावर साडेचार येऊ पाहत होते. मला ते दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. आता त्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं.

"भिंतीलाच होती," त्या म्हणाल्या. "यशू, दुसरा भाग मला कंटाळवाणा वाटला. खुनी मला तिसऱ्याच प्रकरणात कळला होता. दोन स्टार."

 गुरुदत्तसाहेबांच्या बादलीतून पाणी ठिबकत होतं. यशोधरा पदराने बोट पुसत उठली.

"मलाही तो फसलाय असंच वाटत होतं," ती म्हणाली. "कुणीतरी तोंडाने सांगावं, एवढीच वाट बघत होते. चहा टाक आता."

गुरुदत्तसाहेब बिचारे ओशाळले. पाचर काढून टाकतो म्हणाले. मालिनीबाई नको म्हणाल्या. "राहू दे. आता माझं मी बोलेन." आणि बोलतात. ग्रुपवर त्यांनी पहिल्यांदा एक स्टार दिला तेव्हा हरेशभाईंनी फोन करून तब्येत विचारली होती.

माझा आवाज गेला, त्याचं वाईट वाटतं. नाही म्हटलं तरी वाटतंच. पण मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी खुर्ची असेल तर तिच्यावरचे कपडे आजच उचला आणि तिच्यात बसून काहीतरी वाचा. आवडलं नाही तर तसं तोंडाने सांगा. लिहिणाऱ्याला ते हवं असतं.

आता मला थांबायला हवं. चौथा भाग काल आला. आज सकाळी मी भिंतीशी होते. आत्ता माझ्या पट्ट्या बाल्कनीच्या उंबऱ्याला धडकताहेत, गुरुदत्तसाहेब बादली घेऊन मागे उभे आहेत, आणि तो नवरा अजून सापडायचा आहे.