मी पाहत असलो की खुर्ची शहाण्यासारखी वागे

मित्रांनो, डॉक्टर मनगट धरून माणसाची नाडी बघतात, तशी मी विजेची नाडी बघतो. माझे नाव जिभेला जरा अडखळायला लावणारे आहे: ऑसिलोस्कोप. अंगाने मी पत्र्याच्या ट्रंकेएवढा. तोंडावर छोटा पडदा, त्याच्या बाजूला बटणांची दाटी आणि पुढे सोंडेसारखी एक लांब वायर. वायरीच्या टोकाला सुई असते, तिला प्रोब म्हणतात. ती तारेला टेकवली की तिथली वीज कशी चढते-उतरते ते माझ्या पडद्यावर हिरव्या रेघेने उमटते. जे कुणालाच दिसत नाही ते मला दिसते, याचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला, ते आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षे एका तंत्रशाळेत गेली. तिथली मुले माझी बटणे मोटारीचे चाक फिरवावे तशी गरगरा फिरवत. त्यात एक बटण तुटले आणि कुणीतरी त्याच्या जागी टूथपेस्टचे झाकण बसवले. ते अजूनही माझ्या तोंडावर आहे. पुढे रंगीत पडद्याची नवी यंत्रे आली आणि मी कपाटावर जाऊन बसलो. मला भंगारात काढणार असल्याचे त्याच शाळेत शिकलेल्या एका मुलीच्या कानावर गेले. ती तडक आली आणि मला मांडीवर घेऊन बसने घरी गेली. तिला सगळे ताई म्हणत.

ताईची कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध तारा जोडायच्या वितळत्या सोल्डरच्या डागांनी चट्टे पडलेले टेबल, भिंतीला स्क्रूचे डबे, आणि दारातून थेट रस्त्यापर्यंत उतरणारा सिमेंटचा उतार. तिथे यंत्रांची डोकी बनत. मित्रांनो, तुमच्या कपडे धुण्याच्या यंत्रात किंवा लिफ्टमध्ये नखाएवढी एक चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिच्यात आज्ञा लिहून ठेवल्या की ती जन्मभर तेवढेच काम करते. टेबलावरचा संगणक अडला तर आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. यंत्राच्या पोटात बसलेल्या चिपला मात्र असे कुणी उठवायला येत नाही. धूळ, उष्णता, मोटरींचे झटके सोसत तिला एकटीला निभावून न्यावे लागते. म्हणून ती जिच्यावर बसवतात ती तारांची पट्टी, म्हणजे बोर्ड, बनवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

बोर्ड ताई बनवी आणि आज्ञा लिही तिचा सहकारी. एकदा एका स्वल्पविरामाची चूक शोधण्यात त्याचा अख्खा आठवडा गेला होता. तेव्हापासून त्याचे नावच स्वल्पविराम पडले.

ताईचा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. परांचीवरून पडून तो कमरेखाली लुळा झाला आणि चाकांच्या खुर्चीत आला. तरी त्याची जीभ तिखट ती तिखटच राहिली. एकदा तो ताईला म्हणाला, “ढकलणारा कायम पाठीमागे असतो गं. मी बोलतोय आणि तो हसतोय की जांभई देतोय, मला कळतच नाही.” दुसऱ्याच दिवशी ताईने टेबल मोकळे केले आणि मोटरवर चालणाऱ्या खुर्चीचे काम सुरू झाले.

खुर्ची देखणी झाली. हाताशी एक छोटी दांडी होती. ती पुढे ढकलली की खुर्ची पुढे, मागे ओढली की मागे. ब्रेक मुद्दाम असा निवडला होता की चिपने वीज दिली तरच तो सुटेल, एरवी चाके गच्च धरून ठेवील. म्हणजे बॅटरी संपली तरी खुर्ची जागच्या जागी. कागदावर सगळे चोख होते.

मामा खुर्ची न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी खुर्चीत वाळूची पोती बसवून उतारावर चाचणी चालली होती; बाजूने चालत स्वल्पविराम दांडी ढकलत होता. अर्ध्या चढावर बोर्डावरचा दिवा लुकलुकला, खुर्ची हातभर मागे घसरली आणि आपोआप थांबली. हे फक्त स्वल्पविरामाने पाहिले. ताई पाठमोरी होती. त्याने सांगितले तेव्हा तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिचा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिला नव्हता.

लगेच मला उचलून दारापाशी आणले. ब्रेककडे जाणाऱ्या तारेला माझी सुई चिकटवली. खुर्ची चढली, उतरली, पुन्हा चढली. दुपार सरली. रेघ सरळच्या सरळ. ताईने आज्ञा तपासायचे साधनही जोडून पाहिले. त्याने चिपला एकेका आज्ञेवर थांबवून तिच्या मनात काय चालले आहे ते बघता येते. पण उतारावर निघालेली खुर्ची थांबवून थांबवून कशी तपासणार? मग आज्ञांवर संशय आला. स्वल्पविरामाने त्या पहिल्यापासून वाचून काढल्या. “दर वेळी आधी माझ्याच मानेवर का येतं?” असे तो पुटपुटला. दोघांत थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी बॅटरीच्या जोडणीचा एक स्क्रू सैल सापडला. तो आवळला. पुढे माझ्यासमोर एकदाही गडबड झाली नाही. सगळ्यांनी मानून घेतले की चोर पकडला. ताईने माझ्या डोक्यावर थाप मारली. मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी मामा आला. दाढी गुळगुळीत, सदरा कडक इस्त्रीचा. ताईने मात्र खुर्चीच्या पाठीला जाड दोर बांधला. मामा कुरकुरला, “मी बैल आहे का?” ताईने ऐकले नाही. दोर दाराच्या लोखंडी खांबाला एक वेढा देऊन स्वल्पविरामाच्या हातात गेला. माझी सुई काढली आणि मला दाराजवळच्या टेबलावर ठेवले. आता माझे काम संपले होते.

मामा छान उतरला. वळला. चढू लागला. अर्ध्यावर त्याला वाटले, जरा ऐट दाखवावी. तो थांबला, दोन्ही हात वर करून हसला, आणि मग त्याने दांडी पुन्हा पुढे ढकलली.

दिवा लुकलुकला.

खुर्ची मागे घसरली, अडली, पुन्हा घसरली. दर खेपेला जास्त. मामा दांडी पुढे पुढे दाबत होता आणि खुर्ची मागे मागे जात होती. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर येत होता. दोर स्वल्पविरामाच्या मुठीतून सरकला, त्याच्या तळव्याची साल निघाली, पण त्याने मूठ उघडली नाही. मला सारे दिसत होते आणि मी टेबलावरचे एक खोके होतो. ताई उतारावरून धावत ओरडली, “मामा, दांडी सोड!”

मामाने हात उचलला. ब्रेक खाडकन बसला. खुर्ची थांबली तेव्हा तिची मागची चाके रस्त्याच्या कडेवर होती. टँकर भोंगा वाजवत शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने मामाचा सदरा फडफडला.

ताई धापा टाकत त्याच्यापाशी पोहोचली. मग मामा हळू आवाजात म्हणाला, “माझा हात पुढेच होता, पोरी. मी काही चुकीचं केलं नाही.”

“नाही मामा,” ताई म्हणाली, “तू नाही चुकलास.”

तिला वाटले, आता तो घरी जाईल आणि पुन्हा या खुर्चीचे नाव काढणार नाही. पण मामा आपल्या जुन्या खुर्चीत बसला, चहा मागितला आणि म्हणाला की दोष सापडेपर्यंत तो इथून हलणार नाही.

ताई माझ्यासमोर बसली. कालचाच उतार, कालचीच बॅटरी, पोत्यांचे वजनही मामाएवढेच. मग काल दुपारभर का नाही आणि आज का? तिने हे मोठ्याने विचारले. स्वल्पविराम हाताला पट्टी बांधत होता. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवले.

“काल हा जोडलेला होता.”

पोती पुन्हा खुर्चीत बसली, दोर खांबाला बांधला. मला न जोडता खुर्ची अर्ध्यावर थांबवून पुन्हा चालवली. घसरली. माझी सुई ब्रेकच्या तारेला लावली. नाही घसरली. सुई काढली, घसरली. ताई माझ्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हा नुसता बघत नाहीये. हा हात लावून धरतोय.”

मित्रांनो, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. पण ताईने मला दोष दिला नाही. तिने माझी सुई ब्रेकवरून काढून चिपला वीज पुरवणाऱ्या तारेवर लावली, आणि आता मला खरे दिसले. चढावर मोटर सुरू होताना ती बॅटरीतून इतकी वीज ओढून घेई की चिपला क्षणभर उपाशी राहावे लागे. माझी रेघ खड्ड्यात पडावी तशी खाली जाई. चिपला भोवळ येई आणि ती पुन्हा पहिल्यापासून जागी होई. दांडी पुढेच असे, म्हणून मोटर पुन्हा ओढी, पुन्हा भोवळ. त्या भोवळीत ब्रेकची तार अधांतरी लोंबकळे. तिला ना कुणी ‘सोड’ म्हणे, ना ‘धर’. तारेत उरलेली चिमूटभर वीज ब्रेक उघडा ठेवी. मी जोडलेला असलो की तेवढी चिमूटभर वीज माझ्या सुईतून निथळून जाई आणि ब्रेक बसे. भोवळ तेव्हाही येत होती. पण मला ब्रेकवर बसवले होते, तिथल्या रेघेत ती क्षणभराची भोवळ हरवून जाई, आणि सगळ्यांचे डोळे दिव्यावर नाही, चाकांवर होते.

मग हात भराभर चालले. उरलेली वीज कायमची निथळून जावी म्हणून ताईने तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर ब्रेकच्या तारेवर सोल्डर केला. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, तसा चिपसाठी विजेचा छोटा साठा वेगळा ठेवला. स्वल्पविरामाने पट्टी बांधलेल्या हाताने नवी आज्ञा लिहिली: जाग आल्यावर दांडी मधोमध आल्याशिवाय हलायचे नाही. यावेळी कुणी कुणाच्या मानेवर काही ढकलले नाही.

चाचणीच्या वेळी मला बंद करून ठेवले. मला राग आला नाही. आधी पोती बसली, मग ताई स्वतः बसली. ती मुद्दाम अर्ध्यावर थांबायची आणि पुन्हा निघायची. दिवा स्थिर. मग सगळ्यांनी मामाकडे पाहिले. तो उताराकडे बघत होता.

“दोर बांधा,” तो म्हणाला. यावेळी त्याने बैलाचे नाव काढले नाही.

तो उतरला. वळला. अर्ध्यावर थांबला. आता हात वर केले नाहीत. त्याने दांडी बोटाने हळूच पुढे केली. मोटर कण्हली. दिवा जळत राहिला. खुर्ची एक वीतही मागे न सरकता वर आली, दाराचा उंबरा ओलांडून थेट माझ्या टेबलापाशी. मामाने घाम पुसला आणि रंगाचा डबा मागितला. खुर्चीच्या पाठीवर त्याने आपल्या वळणदार अक्षरांत दोनच शब्द रंगवले: ‘ढकलू नये’.

मित्रांनो, आता मी फडताळावर असतो. माझी रेघ अंधुक झाली आहे. माझी हवा खेळायची भोके जुन्या कागदांनी बुजली आहेत आणि कुणीकुणी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात. तेवढे करू नका. हत्यारांची धूळ पुसायला एक फडके पुरते, आणि त्यांच्या वायरी मुरगाळून कोंबायच्या नसतात.

आणखी एक मागणे आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या यंत्रांची डोकी बनवाल. एखादा दोष आपोआप नाहीसा झाला तर टाळ्या पिटू नका. आपण बघायला गेलो तेव्हा काय बदलले, ते आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत हव्या तितक्या वेळा पोती बसवा, पण माणसाला खुर्चीत बसवू नका.