अठराशे चाळीस वॅट

आत-बाशीत, आमच्या डोंगरी मुलखात, आम्ही गावात किती घरं असं विचारत नाही, किती धूर असं विचारतो. धूर म्हणजेच घर. जोडप्यानं वेगळा संसार थाटला की त्यांनी धूर काढला म्हणायचं, आणि कुणाचा वंश खुंटला की धूर विझला म्हणायचं. आईबापांचा धूर धाकट्या मुलानं राखायचा, अशी रीत. बाकीची पोरं पांगतात, धाकटा राहतो. घर त्याचं आणि म्हातारी माणसंही त्याचीच.

मी धाकटा, आणि मुलगाही एकटाच. माझ्याआधी फक्त चिनारा एजे, माझी थोरली बहीण. ती लग्न करून नोवोसिबिर्स्कला गेली, ते रीतीला धरूनच होतं. रीत मोडली ती मी. बारा वर्षं राजधानीत, बिश्केकमध्ये राहून लोकांच्या वेबसाइट बांधत होतो, आणि आमची आपा, म्हणजे आई, तिकडे दोन दुखरे गुडघे घेऊन कोळशाच्या बादल्या वाहत होती.

शहरात यायला ती तयार नव्हती आणि मी गावात जायला. मग मी तिसरी वाट काढली. शहाण्या माणसांना अशा तिसऱ्या वाटा फार सुचतात.

उन्हाळ्यात गावी जाऊन मी कोळशाची चूल काढून टाकली. धुरानं आपाला खोकला व्हायचा, राख काढताना कंबर धरायची, हे सगळं खरंच होतं. धुराड्याचं भोक विटांनी बुजवून वर गिलावा केला, चूल एका मेंढपाळाला देऊन टाकली आणि खोलीत विजेचा हीटर बसवला. मीटरपासून येणाऱ्या तारेला एक चिमटा लावला. तारेतून किती वीज जाते ते हा चिमटा तार न कापता ओळखतो. त्याला जोडलेली काडेपेटीएवढी डबी दर दहा सेकंदांनी तो आकडा मोबाइलच्या सिमवरून माझ्याकडे पाठवायची. मी बिश्केकमध्ये संगणकावर त्याचं पान उघडलं की आपाचं घर रेषेतून दिसायचं. हीटर चालू झाला की रेष वर, बंद झाला की खाली. सकाळी सहाच्या सुमाराला एक उंच सुळका, तो चहाच्या किटलीचा. आपा उठली.

जाताना मी तिला बजावलं, “आपा, काही बिघडलं तर तुझ्याआधी मला कळेल. या गुडघ्यांनी बर्फावरून कुणाकडे जाऊ नकोस. मी इथून फोन करून माणूस पाठवीन.”

ती डबीकडे बघत म्हणाली, “म्हणजे तू दिसणार नाहीस, पण तुला मी दिसणार.”

“तसंच.”

“देवासारखं झालं की रे, शिंगरा.”

मला शिंगरू म्हणायची ती, चाळिशीला आलो तरी. त्यानंतर डबीसमोरून जाताना ती डोक्यावरचा रुमाल नीट करायची, असं शेजारच्या जुमाश आकेंनी (आके म्हणजे दादा) मला फोनवर सांगितलं आणि खूप हसले. मग म्हणाले, “आमच्या धाकट्यानं निदान लाकडं फोडली. तुझ्यासारखा तारेतून येऊन राहणारा धाकटा पहिल्यांदाच बघतोय.” गेली तीस वर्षं हे जुमाश आके सकाळी उठले की आमच्या धुराड्याकडे बघायचे. धूर दिसला की सायराकान, म्हणजे आपा, ठीक आहे, एवढं समजून आपल्या मेंढ्यांकडे वळायचे. ते मला कधी सांगावं लागलं नव्हतं, आणि चूल काढताना माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांचा तो टोमणा मात्र माझ्या फार लक्षात राहिला. तेव्हापासून मी त्यांना फोन करायचं टाळू लागलो.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते मुक्त होतं. जगभरचे हौशी लोक ते मिळून लिहितात. कुणीही आतला मजकूर वाचावा, सुधारावा, सुधारणा सगळ्यांपुढे ठेवावी. माझ्यासारख्यांचं ते गावच आहे, तिथं मला मान होता. तर आपाच्या घरचं नेटवर्क मधूनमधून तुटायचं, दहावीस आकडे यायचेच नाहीत आणि रेषेत भोकं पडायची. एजे ते पान तिकडून बघायची आणि प्रत्येक भोकाला घाबरून मला फोन करायची. शेवटी मी एक ओळ लिहिली. आकडा आला नाही तर आधीचाच आकडा पुढे चालू ठेवायचा. भोकं गेली, रेष अखंड झाली. एजेचे फोनही थांबले.

ती ओळ मी सगळ्यांपुढे ठेवली. नेदरलँड्सच्या मार्लीन नावाच्या एकट्या बाईनं विरोध केला. रिकामी जागा हीसुद्धा नोंदच असते, ती बुजवू नये, असं तिचं म्हणणं होतं. मी तिच्याशी चार दिवस वाद घातला. आकडे माणसांनी बघायचे असतात, आणि माणसांना फाटकी रेष आवडत नाही, असं काहीतरी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. लोक माझ्या बाजूनं आले. ओळ स्वीकारली गेली आणि जगभर गेली. त्या दिवशी मी मित्रांना बोलावून प्लोव, आमचा मटणाचा पुलाव, खाऊ घातला.

जानेवारीत थंडी उणे बत्तीसवर गेली. गुरुवारी दुपारपासून रेष सपाट झाली. अठराशे चाळीस वॅट, ना वर ना खाली. मला त्यात वावगं वाटलं नाही. एवढ्या थंडीत हीटर बंद कशाला होईल, सारखाच चालू राहणार. उलट बरं वाटलं. शुक्रवारी सकाळी किटलीचा सुळका आला नाही. तो मी पाहिला, म्हणजे नसलेला पाहिला. पण पानावर अर्ध्या तासाची सरासरी दिसते, चार मिनिटांची किटली तीत बुडून जाते, असं मी स्वतःला समजावलं. रोज बुडत नव्हती ती.

त्याच दुपारी एजेचा फोन आला. आपाचा फोन कालपासून बंद लागतोय म्हणाली.

“चार्जिंगला लावायला विसरली असेल. नेहमीचंच आहे.”

“बेक्तूर, जुमाश आकेंना फोन कर. जाऊन बघून येतील.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला? पान उघड. अठराशे चाळीस वॅट. घर गरम आहे, एजे.”

ती म्हणाली, “तुला दिसतंय ना?”

“दिसतंय.”

मला पुन्हा पुन्हा हेच आठवतं. जुमाश आकेंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दोन मिनिटांचं काम होतं. पण फोन केला असता तर ते म्हणाले असते, काय रे, तुझी तार आंधळी झाली का? एवढं एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी फोन केला नाही.

शनिवारी दुपारी त्यांचाच फोन आला. मी कामाच्या टेबलावर होतो आणि समोर पान उघडंच होतं.

“काय म्हणते सायराकान?” त्यांनी विचारलं. “शहरात करमतं का तिला?”

“शहरात?”

“तूच नेलंस ना तिला?”

“नाही आके. आपा घरी आहे.”

पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या. ते हळू बोलायला लागले. “अरे, गुरुवारपासून आमच्या गल्लीत वीज नाही. ट्रान्सफॉर्मर जळालाय. सगळ्यांनी चुली पेटवल्यात. तुझ्याकडे धूर नाही, फाटकाला कडी, म्हणून मला वाटलं...”

“वीज आहे,” मी म्हणालो. “माझ्यासमोर आहे. अठराशे चाळीस.”

“काय अठराशे चाळीस?”

तेव्हा मला कळलं. वीज गेली तशी डबीही बंद पडली होती. आकडे येणं थांबलं होतं, आणि माझी ओळ गुरुवार दुपारचा शेवटचा आकडा अठ्ठेचाळीस तास इमानानं पुढे ढकलत होती. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला मी शिकवलं होतं तेवढंच ते बोललं.

“आके,” मी म्हणालो, “दार फोडा.”

फोन त्यांनी बंद केला नाही. बर्फावर त्यांची पावलं वाजली, फाटक वाजलं, मग लाकडावर कुऱ्हाडीचे घाव. नंतर बराच वेळ काहीच नाही. मग एवढा मोठा माणूस रडायला लागला, आणि मी इकडे फोन कानाला धरून त्या पानाकडे बघत राहिलो. तिथं अजून अठराशे चाळीस होते.

डोलोनचा घाट ओलांडून पोचेपर्यंत अंधार पडला होता. जुमाश आकेंनी मला सगळं सांगितलं, काही न लपवता. गुरुवारी वीज गेली तेव्हा ते कुंपणापाशी आले होते, आमच्याकडे चल म्हणाले होते. आपा नको म्हणाली. मुलाला दिसलंय, तो काहीतरी करतच असेल, असं तिनं सांगितलं. मी इथून गेले आणि तेवढ्यात त्याचा फोन आला किंवा त्यानं पाठवलेला माणूस आला तर? आणि आपण फोन करून त्याला कामात कशाला त्रास द्यायचा, त्याला माहीत आहेच. हे बोलून ती आत गेली. शुक्रवारी पहाटेच आके मेंढ्यांसाठी चारा आणायला गेले. दुपारी परतले तर कडी आतून होती की बाहेरून, हे त्यांनी जवळ जाऊन पाहिलं नाही. हा बेक्तूर रात्रीतून आला आणि आईला घेऊन गेला, असं वाटून मला तुझं कौतुक वाटलं, म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपा घरातल्या सगळ्या गाद्या अंगावर घेऊन निजली होती. फोन उराशी होता. गिलाव्याखालच्या बुजवलेल्या भोकापुढे तिनं परात ठेवली होती आणि परातीत अर्धवट जळलेले कोळशाचे दोन खडे. धूर खोलीतच कोंडायला लागला तेव्हा तिनंच ते पाणी ओतून विझवले होते. भिंतीच्या त्या जागी गिलावा चमच्यानं खरवडलेला होता. फार नाही, दोन बोटं.

अंगणात आपाला ठेवायला राखाडी तंबू उभा राहिला. रीतीप्रमाणे मी कमरेला पट्टा बांधून बाहेर काठीवर वाकून उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी मोठ्यानं रडलो. धाकट्याचं हेही काम असतं, तेवढं मी चोख केलं. लोक मिठी मारत होते, दैवाची गोष्ट म्हणत होते. एजे दुसऱ्या दिवशी आली. तंबूत जाऊन आपाजवळ बसून बाहेर आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“तू म्हणालास घर गरम आहे.”

मी मान हलवली.

“मी विचारलं होतं तुला. दिसतंय ना, विचारलं होतं.”

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही ती आली, भांडी घासली, जुमाश आकेंच्या बायकोशी बोलली आणि गेली.

बिश्केकला परतल्यावर मी माझी ती ओळ काढून टाकायचा प्रस्ताव लिहिला. वरातीमागून घोडं, पण दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. कारण म्हणून एवढंच लिहिलं की रिकाम्या जागा रिकाम्याच दिसायला हव्यात. आपाबद्दल लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. मार्लीननं पाठिंबा दिला, मागचं काही उकरून काढलं नाही. बाकीच्यांनी नकार दिला. हजारो घरांत हे बसलंय, अचानक रेष तुटली तर लोक तक्रारी करतील. ज्याला नको त्यानं आपल्यापुरतं बंद करावं, पुस्तिकेत लिहिलेलं आहे. एकानं माझेच जुने मुद्दे मला उतरवून दाखवले. चांगले मुद्दे होते, मला खोडता आले नाहीत.

सगळ्यात शेवटी एका माणसानं लिहिलं. त्याला आधी मी तिथं कधी पाहिलं नव्हतं. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, माफ करा, अशी सुरुवात होती. माझे वडील डोंगरात एकटे राहतात. पूर्वी त्यांच्या घराची रेष तुटली की माझा जीव खालीवर व्हायचा, मी झोपायचो नाही. तुमच्या या सुधारणेपासून ती सरळ असते आणि मला झोप लागते. कृपा करून ती काढू नका.

मी दिवसभर त्याला उत्तर लिहीत होतो. मोठं लिहिलं, सगळं लिहिलं, पट्टा बांधून उभा होतो तेही लिहिलं, आणि मग सगळं पुसून एकच प्रश्न ठेवला. तुमच्या वडिलांच्या शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे आहे का, आणि तुम्ही आज त्याला फोन केलात का?

पाठवायला गेलो तेव्हा चर्चा बंद झाली होती. प्रस्ताव नामंजूर, विषय संपला, यापुढे इथं कुणाला लिहिता येणार नाही, अशी पाटी आली. त्या माणसाला गाठायचा दुसरा मार्ग मी चार दिवस शोधला. त्यानं टोपणनाव घेतलं होतं. तो कुठल्या देशातला आहे ते मला माहीत नाही. त्याच्या वडिलांकडे आज थंडी किती आहे, तेही माहीत नाही.