रिकामी खुंटी

संग्रहालयाचे वरच्या मजल्यावरचे दालन. पांढऱ्या भिंतीवर ओळीने ठोकलेल्या खुंट्यांना प्लास्टिकचे मानवी मुखवटे टांगलेले होते. एक खुंटी तेवढी रिकामी होती. तिच्याखाली आठ वर्षांची पिंकी भिंतीला पाठ लावून उभी होती. धाकट्या पवनचा हात तिने घट्ट धरला होता, आणि संघपालने पुन्हा पुन्हा हाक मारूनही ती जागची हलत नव्हती.

संघपाल या मुलांचा मामा. चंद्रपुरात महाविद्यालयात कविता शिकवणारा. सिंदेवाहीजवळच्या गावातून मुलांना या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आणावे, अर्थ विचारण्याआधी नुसते पाहायला शिकवावे, असे त्याच्या मनात होते. पहिल्या दालनातला निव्वळ निळा कॅनव्हास पाहून "झेंड्यावर चक्र काढाचं राह्यलं" असे पवनने जाहीर केले, तोवर सारे सुरळीत होते.

"मामा, कोण नाई आली?" अखेर पिंकीने विचारले.

"कोणी नाही गं. ही कलाकृती आहे."

"मंग हे खुंटी काऊन रिकामी आहे?"

आता त्याच्या लक्षात आले. गावात, जंगलाच्या वाटेवरच्या वनचौकीपाशी अशाच खुंट्या होत्या. वाघ मागून झडप घालतो, म्हणून पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाया आपापल्या खुंटीवरचा मुखवटा डोक्यामागे बांधत आणि परतताना पुन्हा अडकवत. दुपारनंतरही रिकामी राहिलेली खुंटी म्हणजे जंगलात राहिलेले माणूस. गेल्या उन्हाळ्यात गावातल्या भागीरथाबाईंची तशी राहिली होती; त्या परतल्याच नाहीत. आज पिंकीची आई, सरिता, मोह वेचायला गेली होती; आणि दुपार केव्हाच कलली होती.

त्याने बहिणीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. खिडकीतले ऊन भिंतीवरून सरकत होते, आणि मुखवट्यांच्या डोळ्यांची भोके एकामागून एक काळवंडत होती. जंगलात फोन लागत नाही, हे त्याला ठाऊक होते. तोच दिलासा होता आणि तीच भीतीही.

ही मांडणी करणारी चित्रकार मयुरी नागपूरहून आली होती. ती जवळ आली, तेव्हा संघपालने हलक्या आवाजात तिला भागीरथाबाईंचे सांगितले. ती पिंकीसमोर उकिडवी बसली.

"ही जागा मी मुद्दाम सोडलीय. पाहणाऱ्याने तिथे स्वतःला ठेवून पाहावं म्हणून."

"मुद्दाम?" पिंकी म्हणाली, आणि भिंतीला अधिकच चिकटली.

"बाई, एक आणून लावून द्या ना," पवन म्हणाला. "नाई तं हे रातभर इथीच राहीन. भल्ली हट्टी आहे."

तेवढ्यात फोन लागला.

"घरीच आहो ना दादा," पलीकडून सरिता म्हणाली. "मोह वाळू घालून राह्यली. मले काय होते? माया आवाज ऐकला तं वाघच पळते."

संघपालने फोन पिंकीच्या कानाशी धरला.

"आई, मुखवटा लटकवला का तू?"

पलीकडे काहीतरी चाचपल्याची खसखस. मग सरिताचा ओशाळलेला आवाज.

"अवं, डोक्यामांगंच राह्यला वाटते. टोपलं जड होतं, ध्यानातच नाई राह्यलं."

"मंग जा, आत्ताच लटकवून ये. लोक शोधून राह्यले असतीन तुले."

"जातो ना माय, जातो."

पिंकी भिंतीपासून दूर झाली. तिच्या पाठीचा, घामाचा एक पुसट डाग पांढऱ्या रंगावर उमटला होता. मयुरी अजून तशीच बसलेली होती; तिची नजर त्या डागावरून खुंटीकडे गेली.

"पिंकी," तिने विचारले, "भागीरथाबाईंच्या खुंटीवर नंतर काय अडकवलं?"

"काईच नाई. ते अशीच आहे," रिकाम्या खुंटीकडे मान वळवून पिंकी म्हणाली. मग पवनचा हात धरून ती जिना उतरू लागली.