दवाखान्याच्या जीपचा हॉर्न

त्या साली कापसाचा भाव पडला होता, त्यात सीमेपलीकडून नक्षल्यांचे दलमवाले येतात अशी कुणकुण. त्यामुळे तालुक्याला बैठकांचं पीक मात्र जोरात होतं. नक्षल बंदोबस्ताची कामं वाटली गेली. रस्ता बांधकाम खात्यानं करायचा, पण वनखात्याची परवानगी नव्हती. माणसं पोलिसांची, पण पोडात जायला त्यांच्याकडे धड गाडी नव्हती. शेवटी सगळ्यांची नजर आरोग्य खात्याच्या जीपवर गेली. तिचा ड्रायव्हर हबीब, त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. नाल्याच्या वळणावर हबीबनं दोनदा हॉर्न मारला की बाया लेकरं कडेवर घेऊन चावडीपाशी यायच्या. तेवढा विश्वास बसायला कित्येक पावसाळे गेले होते. आज नर्स ममता गंगीला बाळंतपणासाठी न्यायला निघाली होती. गंगीचे दिवस भरले होते, पाय सुजले होते. आणि मागच्या सीटवर साध्या कपड्यांत ठाणेदार आणि दोन शिपाई. बाया जमल्या की दलमला भाकरी कोण देतं ते विचारायचं, असा त्यांचा बेत.

हॉर्न ऐकून आलेल्या बाया यांच्या हाती लागतील, हे हबीबला दिसत होतं. नाल्याआधी रेडिएटरमध्ये पाणी टाकायच्या निमित्तानं तो उतरला आणि हॉर्नची तार काढून आला.

वळणावर ठाणेदार म्हणाले, "हॉर्न मार ना."

"बिघडला, साहेब."

पोडात चुली धुमसत होत्या, माणूस एक नव्हतं. न वाजवता आलेली गाडी पाहून सगळे रानात पसार झाले होते. हबीबला हायसं वाटलं. तोच ममता गंगीच्या झोपडीतून बाहेर आली.

"हबीबभाऊ, गंगी बी पयाली. अशा अंगानं."

त्याचं तोंड उतरलं. जिला न्यायला आलो तिलाच आपण रानात धाडलं. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता. त्यानं बॉनेट उघडून तार जोडली आणि ठाणेदारांसमोर उभा राहिला.

"साहेब, तुमी तिघं पांदणीच्या वाटेनं सडकेवर जा. मंग वाजवतो."

"म्हणजे बिघडला नव्हता. आत टाकीन तुले."

"टाका. पन तिले रानात काई झालं तं जिम्मेदारी कोनाची, हे बैठकीत ठरलं काय?"

ठाणेदारांनी ममताकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही. मग ठाणेदार शिपायांना घेऊन पांदणीला लागले.

हबीबनं दोनदा हॉर्न मारला. पुष्कळ वेळानं झुडपं हलली. नवऱ्याच्या, लेतूच्या, खांद्यावर भार टाकून गंगी आली. तिचे पाय काट्यांनी फाटले होते.

"काहून नाई वाजवला, दादा?" लेतू म्हणाला. "आमी पोलिस समजलो."

गंगीला वर चढवताना लेतूचा पाय सीटखाली अडखळला. त्यानं वाकून ओढून काढलं, तर पोलिसाची लाठी.

"हे बी दवाखान्याचंच हाय काय?"

लेतूनं लाठी खाली जमिनीवर ठेवली आणि गंगीपाशी बसला.

गंगीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुढच्या महिन्यात हबीबनं वळणावर दोनदा हॉर्न मारला. पोडात पोचला तेव्हा चुली धुमसत होत्या, माणूस एक नव्हतं.