काळ्या जमिनीतला संडास

सारजाबाई घसरून पडल्या आणि खुब्याचं मोडलेलं हाड नीट जुळलंच नाही. उकिडवं बसणं संपलं. म्हणून त्यांच्या मुलानं, बुद्धघोषनं, सत्त्याण्णव साली घरामागं संडास बांधला आणि बारामतीहून खुर्चीसारखं बसायचं भांडं आणलं. तो इंदापुरात मास्तर होता. वस्ती मात्र कालव्याखाली, काळ्या रानात.

"आता कुणाला हाक मारायला नको," भांड्यावरून हात फिरवत सारजाबाई म्हणाल्या.

उन्हाळ्यात जमीन फाटली. फरशी खचली, भांडं कलंडलं आणि बुडाशी तडकलं. गेणबा गवंड्यानं खाली मुरूम भरून नवं बसवलं. मग कालव्याला पाणी सुटलं. पाझरानं शोषखड्डा तुडुंब भरला आणि घाण उलटी वर येऊन फरशीवर पसरली.

"गुरुजी, हातभर खणलं तरी पाणी लागतंय," गेणबा म्हणाला. "खड्ड्यातलं मुरंल कुठं? उंच जोतं करून बघू."

जोतं झालं. पण त्याच्या पायऱ्या सारजाबाईंना चढवेनात. बुद्धघोष शाळेत शिकवायला गेला की सून मेघना काखेत हात घालून त्यांना वर न्यायची. पुढच्या उन्हाळ्यात जोतंही मधोमध उललं. भांडं पुन्हा फुटलं. मग खोलीतच डबा ठेवावा लागला. तो मेघना उचलायची, तेव्हा सारजाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या.

एकदा मेघनानं पाहिलं, तर सासूबाई तांब्यातलं पाणी खिडकीतून बाहेर ओतत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"प्यालं की जावं लागतं, बाई."

कधीपासून चाललं होतं, कोण जाणे. लघवी कोंडली, ताप चढला, तेव्हा बुद्धघोषनं त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडं खराब झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. वॉर्डातला संडास कोरडा, स्वच्छ होता. तिथं त्या मागून मागून पाणी प्यायल्या.

सुट्टी मिळाली, त्या दिवशी त्यांनी मुलाचा हात धरला. "बुधा, मला घरी न्हिऊ नगं. हितंच राहू दे."

"असं ठेवून घेत न्हाईत, आये."

जीप करून त्यानं आईला घरी आणलं. कालवा भरून वाहत होता. दिवाळीच्या आत त्या गेल्या.

पुढं गेणबा एकदा विचारायला आला, "गुरुजी, ते जोतं दुरुस्त करायचं का?"

बुद्धघोष उठून घरात गेला.