आवाज बंद

जयदीप चाकणहून शिफ्ट संपवून येताना अपघातात गेला. सुतक म्हणून आईनं, सुभद्राबाईंनी, स्वतःच टीव्हीवर चादर टाकली. पण शनिवारच्या, आधीच चित्रित झालेल्या विनोदी कार्यक्रमाच्या जाहिरातीत तो प्रेक्षकांत बसलेला दिसला. सुनेनं, पूनमनं, ती मोबाइलवर दाखवली.

"सुतकात हसायचा कार्यक्रम? मग भजीबी तळा!" सुभद्राबाईंचे दीर करवादले.

"माझं लेकरू हाय त्यात, भावजी. आवाज न्हाई लावायचा," त्या हळूच म्हणाल्या.

शनिवारी चादर काढली. आवाज बंद ठेवून सगळे बघत होते. जयदीप दिसला, अगदी डोळे मिटून हसत होता. त्याचं हसणं गल्लीभर ऐकू जायचं.

"पूनम, आवाज वाढव गं," सुभद्राबाई म्हणाल्या.

तिनं वाढवला. सगळा प्रेक्षकवर्ग खदखदून हसत होता. त्यात सुभद्राबाईंना आपल्या लेकाचं हसू काही केल्या ओळखता येईना.