बद्रीचं झाड

लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सरला सासऱ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तापीकाठच्या गुजर घरांतली रीतच तशी. तोंडावर पदर, आणि सासऱ्याला काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. भिकन पाटलांना या रीतीचा मनातून कंटाळा होता. पण मोडायची कोणी?

अंगणात सरलाने पाइनचं रोप वाढवलं होतं. तिचे वडील बद्रीनाथाहून चार बिया घेऊन आले आणि त्याच थंडीत वारले. चारांतली एकच रुजली. सुईसारखी पानं, सरळसोट खोड. सगळे त्याला ‘बद्रीचं झाड’ म्हणत. उन्हाळ्यात सरला त्याच्यावर गोणपाट बांधून सावली करी.

छत्तीस सालच्या पौषात भिकन हरभऱ्याचे शेंडे खुडून घरी आले. शेंडा खुडला की हरभरा कसा घेरदार फुटतो! सुनेचं रोप बिचारं नुसतंच उंच चाललेलं. त्यांनी मोठ्या मायेने त्याचाही शेंडा चिमटीत धरून खुडला, आणि वर स्वतःवर खूश होऊन पान खाल्लं. एवढं शहाणपण त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे!

सकाळी सरला पाणी घालायला आली आणि मटकन खाली बसली. तिचे खांदे हलताना पाहून भिकन ओसरीवरून खाली उतरले. मुलगा कापूस घेऊन शहाद्याला गेलेला, बायको अनुसयाबाई प्रकाशा गावी तापीच्या स्नानाला. आता सांगायचं कोणाच्या तोंडून? शेवटी ते गोठ्यातल्या गाईकडे तोंड करून म्हणाले,

“माय, तिले सांग, शेंडा मीच खुडा. मले वाटनं, हरभरासारखं फुटी. तिना बापनी निशाणी शे, मन्हा ध्यानमाच उनं नही.”



सरला उठली. शेंडा मोडला तर शेजारची फांदी उभी बांधावी, असं वडील सांगत. तिने तुरीची काठी आणली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, कोवळी फांदी काठीला धरली. पण दोन्ही हात त्यात गुंतले, गाठ कशी मारणार?

“मामाजी, काठी धरा.”

भिकन अनवाणीच धावले.

“तठे नही, आठे. सरळ धरा. आते हाईच फांदी शेंडा व्हई.”

संध्याकाळी भिकन जेवायला बसले. चुलीपाशी सरला सासूच्या कानात कुजबुजली.

“सरला इचारस, भाकर लागी का?” अनुसयाबाई म्हणाल्या.

भिकननी ताट चुलीकडे सरकवलं.

“दे बेटा, अर्धी दे.”

“पुरी ल्या, मामाजी,” सरला म्हणाली.

अनुसयाबाई दोघांकडे बघतच राहिल्या.